इंजिन जुनं, चॅसी नवी: नॉर्टन मँक्सची गोष्ट

नवी गाडी दारात आली की आपल्याकडे तीन प्रश्न ठरलेले असतात. सीसी किती, पिकअप कसा आणि ॲव्हरेज किती देते. चॅसी, म्हणजे इंजिन आणि चाकं जिला जोडलेली असतात तो सांगाडा, कशी आहे, हे कुणी विचारत नाही. फार तर मेकॅनिक विचारतो, तेही गाडी कुठे ठोकून आणली असेल तर.

नॉर्टन मँक्स ही जुनी ब्रिटिश रेसिंग मोटरसायकल समजून घ्यायची तर याच न विचारलेल्या प्रश्नापाशी यावं लागतं. तिला सिलिंडर एकच, पिस्टन एकच आणि इंजिनाचा मूळ आराखडा १९३० सालचा. तरीही १९५० च्या जूनमध्ये आयल ऑफ मॅन बेटावर ५०० सीसी आणि ३५० सीसी अशा दोन्ही मोठ्या शर्यतींत पहिले तिन्ही नंबर नॉर्टननेच काढले. पुढच्याच वर्षी तिने इटलीच्या चार सिलिंडरवाल्या गिलेराला मागे टाकून जागतिक विजेतेपद मिळवलं. वीस वर्षं जुन्या इंजिनाला हे कसं जमलं, ते नीट उलगडून बघू.

नॉर्टन हे नाव हल्ली आपल्याकडे ऐकू येतं ते टीव्हीएसमुळे. २०२० च्या एप्रिलमध्ये टीव्हीएसने ती कंपनी १ कोटी ६० लाख पौंडांना विकत घेतली. मूळ कंपनी १८९८ साली बर्मिंगहॅममध्ये जेम्स लॅन्सडाउन नॉर्टन यांनी काढली. मँक्स म्हणजे आयल ऑफ मॅनचा किंवा मॅनची, आपण कोकणातला आंबा म्हणतो तसं. गाडीला बेटाचं नाव पडलं, कारण ती घडलीच त्या बेटासाठी.

बेटच का? ब्रिटनमध्ये सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावायला कायद्याने मनाई होती आणि १९०३ पासून ताशी २० मैलांची वेगमर्यादा होती. आयल ऑफ मॅनची संसद मात्र वेगळी. तिने स्वतःचा कायदा करून शर्यतीसाठी रस्ते बंद करायची परवानगी दिली. १९०७ साली तिथे टीटी ही मोटरसायकल शर्यत सुरू झाली, आणि पहिल्याच वर्षी दोन सिलिंडरच्या गटात रेम फाउलर हा रायडर नॉर्टनवर जिंकला. गंमत अशी की त्या नॉर्टनचं इंजिन फ्रान्सच्या प्यूजोचं होतं.

पुढे ही शर्यत ज्या डोंगरी मार्गावर स्थिरावली, त्याचा एक फेरा साधारण ६०.७ किलोमीटरचा आहे. दोनशेहून जास्त वळणं, गावातले दगडी कुंपणांचे रस्ते, स्नेफेल डोंगराच्या अंगाखांद्यावरून जाणारा घाट, आणि वर धुकं. ५०० सीसीच्या सीनियर शर्यतीत असे सात फेरे असायचे, म्हणजे सव्वाचारशे किलोमीटर. ताम्हिणी घाट पुन्हा पुन्हा, पूर्ण वेगात, एकदाही चूक न करता पार करायचा अशी कल्पना केली तर थोडाफार अंदाज येईल. इथे सरळ रस्त्यावरच्या टॉप स्पीडइतकंच महत्त्व आणखी एका गोष्टीला आहे: वळणात शिरताना रायडरला ब्रेक किती उशिरा लावायचा धीर होतो. तो धीर त्याला देते ती चॅसी.

पण आधी इंजिन.

बुलेट चालवणाऱ्याला सिंगल सिलिंडर समजावून सांगायला नको. ती धडधड म्हणजे एका मोठ्या पिस्टनचे ठोके. जुन्या बुलेटमध्ये व्हॉल्व्ह उघडायची पद्धत अशी आहे: कॅम, म्हणजे व्हॉल्व्हला ढकलणारा फिरता उंचवटा, खाली इंजिनाच्या पोटात असतो, त्याच्यावरून लांब पुशरॉड वर हेडपर्यंत जातात, तिथे रॉकर दाबतात आणि मग व्हॉल्व्ह उघडतो. रोजच्या वापराला ही रचना उत्तम. पण आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, वाढत गेले की हे सगळं लोखंड सेकंदाला कित्येकदा वर-खाली हलवणं जड जातं. स्प्रिंग व्हॉल्व्ह वेळेत मिटवू शकत नाही आणि इंजिन तिथेच दम टाकतं.

नॉर्टनच्या वॉल्टर मूर यांनी १९२७ साली कॅम उचलून थेट हेडमध्ये नेला. त्याला फिरवायला सिलिंडरच्या शेजारून एक उभा शाफ्ट आणि दोन्ही टोकांना तिरके दात असलेले बेव्हल गिअर. हलणारं वजन घटलं, आरपीएम वाढले. ॲलेक बेनेट त्याच वर्षी या इंजिनावर सीनियर टीटी जिंकला. नंतर मूर जर्मनीच्या एनएसयू कंपनीत गेले आणि तिथेही त्यांनी तसंच दिसणारं इंजिन केलं. तेव्हा नॉर्टनच्या कारखान्यात विनोद सुरू झाला की एनएसयू ही अक्षरं म्हणजे ‘नॉर्टन स्पेअर्स यूज्ड’.

मूर गेल्यावर आर्थर कॅरल यांनी १९३० मध्ये इंजिन नव्याने आखलं. मँक्सचं इंजिन म्हणून ओळखलं जातं ते हेच. त्याला वाढवलं, जपलं, तासून तासून धार लावली ती जो क्रेग यांनी. उत्तर आयर्लंडचे क्रेग आधी स्वतः रायडर होते, मग रेसिंग टीमचे प्रमुख झाले. क्रांतिकारक कल्पना हा त्यांचा प्रांत नव्हे. दर हिवाळ्यात थोडं कार्ब्युरेटर, थोडा कॅम, थोडी हेडच्या आतली पोकळी, असं करत ते पुढच्या मोसमासाठी जराशी जास्त ताकद काढायचे. मला या माणसात नेहमी एखादा जुना सोनार दिसतो. सोनं तेच, घडण मात्र दरवेळी आणखी बारीक.

याचं फळ म्हणजे १९३१ ते १९३८ या आठ वर्षांत सात सीनियर टीटी नॉर्टनच्या. हुकलेली एक, १९३५ ची, सांगितल्याशिवाय राहवत नाही. टीटीत सगळे एकदम सुटत नाहीत. ठरावीक अंतराने एकेक जण सुटतो आणि शेवटी घड्याळ ठरवतं कोण जिंकलं ते. नॉर्टनचा जिमी गथ्री आधी सुटलेला, तर इटलीच्या मोटो गुझीवरचा स्टॅन्ली वूड्स बराच मागून. शेवटच्या फेऱ्याआधी गुझीच्या पिटमध्ये पेट्रोल भरायची जोरदार तयारी दिसली. वूड्स थांबणार म्हणजे त्याचा वेळ जाणार, असा हिशोब करून नॉर्टनवाल्यांनी गथ्रीला जरा सबुरीने घे अशी खूण केली. वूड्स थांबलाच नाही. गथ्रीचं अभिनंदनही होऊन गेलं होतं, तेवढ्यात वूड्स आला. चार सेकंदांनी जिंकला. गथ्री त्यानंतर दोनच वर्षांनी जर्मन ग्रांप्रीत अपघातात गेला.

आता मुख्य अडचणीकडे. एका सिलिंडरच्या इंजिनाला मर्यादा कुठे येते?

मँक्सच्या ५०० सीसी इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७९.६ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका बाजूची धाव, १०० मिलिमीटर. म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्यात पिस्टन १० सेंटिमीटर वर जातो आणि १० सेंटिमीटर खाली येतो. ६,५०० आरपीएमला हिशोब केला तर त्याचा सरासरी वेग सेकंदाला जवळजवळ २२ मीटर येतो, ताशी ७८ किलोमीटर. आणि हा वेग गाठताना तो सेकंदाला २१७ वेळा पूर्ण थांबून उलटा फिरतो. मुठीएवढा धातूचा तुकडा इतक्या वेळा थांबवायचा आणि ढकलायचा म्हटलं की कनेक्टिंग रॉडवर काय ताण येत असेल बघा. त्याच्या फार पलीकडे गेलं की काहीतरी तुटतं.

गिलेराने तेच ५०० सीसी चार सिलिंडरमध्ये वाटले. प्रत्येक पिस्टन छोटा, हलका, आणि स्ट्रोक साठ मिलिमीटरच्याही आत. त्यामुळे इंजिन १०,००० आरपीएमला गेलं तरी पिस्टनचा वेग मँक्सपेक्षा कमीच. ढोल आणि ताशाचा फरक आहे हा. ढोलाचा एक ठोका छातीत बसतो, पण ताशाच्या वेगाने ढोल वाजवायला गेलात तर मनगट मोडेल. इंजिनाची ताकद म्हणजे प्रत्येक ठोक्याचा जोर गुणिले ठोके किती. जोरात ढोल पुढे, पण ठोक्यांच्या संख्येत ताशा इतका पुढे की गुणाकारात तोच जिंकतो. क्रेग यांनी कितीही घासलं तरी हे गणित बदलणार नव्हतं.

महायुद्धाने नॉर्टनला एक सवलत दिली. १९३९ ची सीनियर टीटी सुपरचार्जर लावलेल्या बीएमडब्ल्यूने जिंकली होती. सुपरचार्जर म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण इंजिनात पंपाने कोंबणं. युद्धानंतर शर्यतीत त्याच्यावर बंदी आली. जोराने श्वास कोंबायचा मार्ग बंद झाल्याने परदेशी गाड्या थोड्या खाली आल्या आणि म्हातारी सिंगल पुन्हा पंगतीत बसू शकली. तरी चार सिलिंडर ते चार सिलिंडरच. १९४९ मध्ये जागतिक मालिका सुरू झाली तेव्हा नॉर्टनचे दिवस भरले असं कुणी म्हटलं असतं तर ते चूक ठरलं नसतं.

चूक ठरलं ते बेलफास्टच्या एका माणसामुळे.

नॉर्टनच्या तेव्हाच्या चॅसीला इंग्लंडात गार्डन गेट म्हणायचे, बागेचं फाटक. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना उभे स्प्रिंग, त्यांच्यात चाक वर-खाली सरकायचं. सगळी जोडणी जड होती आणि जोरात चालवली की तडे जायचे. त्याहून वाईट म्हणजे ती पिळायची. चॅसी पिळणं म्हणजे काय ते समजायला जुना लाकडी पलंग आठवा, सांधे ढिले झालेला. एका कोपऱ्यावर बसलं की समोरचा कोपरा उचलला जातो. मोटरसायकल वळणात झुकते तेव्हा दोन्ही चाकं एकाच सरळ पातळीत असायला हवीत. चॅसी पिळली की पुढचं चाक एकीकडे आणि मागचं किंचित दुसरीकडे बघू लागतं. गाडी लहरायला लागते, हँडल हातात वळवळतं. रायडर काय करणार? थ्रॉटल सोडणार. इंजिनाने कमावलेली ताकद वळणात अशी सांडून जायची.

बेलफास्टचे रेक्स मॅकँडलेस आणि त्यांचे भाऊ क्रोमी यांनी यावर उपाय शोधला. ते मोठ्या कारखान्यातले साहेब नव्हते, हाताने करून बघणारे लोक होते. रेक्स यांची नवी चॅसी दिसायला अगदी साधी. दोन लांब नळ्या. प्रत्येक नळी हँडलच्या बुडापासून निघते, टाकीखालून मागे जाते, गिअरबॉक्सच्या मागे खाली उतरते, इंजिनाखालून पुढे येते आणि वर चढून पुन्हा हँडलच्या बुडाशी पोचते. अशी दोन वेटोळी शेजारी-शेजारी, आणि हँडलच्या बुडाशी, जिथे सगळ्यात जास्त पीळ पडतो तिथे, नळ्या एकमेकींना ओलांडून वेल्ड केलेल्या. मागचं चाक स्विंग आर्ममध्ये, म्हणजे चॅसीला बिजागरीसारख्या जोडलेल्या, वर-खाली हलणाऱ्या दुहाती दांड्यात, त्याला दोन बाजूंना दोन शॉकअप. आज आपल्या पार्किंगमधल्या बहुतेक गाड्यांना मागे स्विंग आर्मच असतो, त्यामुळे यात विशेष काय असं वाटेल. तेव्हा ते विशेष होतं. शिवाय इंजिन पुढे आणि खाली बसवल्याने पुढच्या चाकावर वजन आलं आणि वळणात त्याची पकड वाढली.

हॅरल्ड डॅनियल हा नॉर्टनचा जुना रायडर. जाड भिंगाचा चष्मा लावायचा. युद्धात मोटरसायकलवरून निरोप पोचवायच्या कामासाठी गेला तर लष्कराने नजर कमी म्हणून परत पाठवला. याच माणसाच्या नावावर टीटीचा सगळ्यात वेगवान फेरा १९३८ पासून १९५० पर्यंत होता! नवी चॅसी चालवून आल्यावर तो म्हणाला की पिसांच्या गादीवर बसल्यासारखं वाटतं. त्या दिवसापासून तिचं नाव फेदरबेड पडलं.

एप्रिल १९५० मध्ये ब्लँडफर्ड इथे ती पहिल्यांदा शर्यतीत उतरली आणि जेफ ड्यूक हा तरुण तिच्यावर जिंकला. जूनमध्ये बेटावर काय झालं ते सुरुवातीला सांगितलंच. सीनियर ड्यूकने घेतली, ३५० सीसीची ज्युनियर आर्टी बेलने. इंजिनाची ताकद जवळपास तीच, पण आता ती वळणात सांडत नव्हती.

तरी १९५० चं जागतिक विजेतेपद गेलंच. बेल्जियम आणि हॉलंड या दोन शर्यतींत टायरवरचा रबराचा थर सुटून आला आणि ड्यूक बाद झाला. मोसमाच्या शेवटी गिलेराच्या उंबेर्तो मासेत्तीचे गुण २८, ड्यूकचे २७. एका गुणाने. पुढच्या वर्षी ड्यूकने ३५० आणि ५०० अशी दोन्ही विजेतेपदं एकाच मोसमात जिंकली. हे त्याआधी कुणी केलं नव्हतं. ड्यूकची आणखी एक गोष्ट आवडते मला. तेव्हा रायडर सैलसर कोट-पँट असे चामड्याचे दोन कपडे घालायचे आणि ते वाऱ्यात फडफडायचे. ड्यूकने गावाकडच्या शिंप्याकडून अंगाबरोबर बसणारा एकसंध पोशाख शिवून घेतला. आज प्रत्येक रेसर घालतो तो हाच.

मग १९५३ मध्ये ड्यूक गिलेराकडे गेला. इथे सगळ्या गोष्टीचा उलगडा होतो. गिलेराकडे ताकद होतीच. त्यांना नसलेलं एक ज्ञान ड्यूक बरोबर घेऊन आला: चांगली चॅसी बुडाखाली कशी वाटते. त्याच्या सांगण्यावरून त्यांनी चॅसी सुधारली आणि ५०० सीसीची लागोपाठ तीन विजेतेपदं त्याने इटलीला मिळवून दिली. ताशाला फेदरबेड मिळाल्यावर ढोलाची पंचाईतच झाली. नॉर्टननेही चार सिलिंडरचं इंजिन करायचे प्रयत्न केले, पण ते शर्यतीपर्यंत पोचलं नाही. दरम्यान कंपनी एएमसी या समूहाच्या ताब्यात गेली आणि १९५४ नंतर खास फॅक्टरी गाड्यांचा खर्च बंद झाला.

शर्यतीतली मँक्स मात्र इथे संपली नाही. इथून पुढे ती सामान्य रायडरची गाडी झाली.

नॉर्टन ही गाडी पैसे मोजणाऱ्या कुणालाही विकायची. व्हॅनमध्ये गाडी घालून, युरोपभर एका शर्यतीहून दुसऱ्या शर्यतीला फिरणारे कितीतरी खाजगी रायडर होते. आयोजकांकडून मिळणाऱ्या मानधनावर त्यांचं पोट. एकच पिस्टन, एकच कार्ब्युरेटर, रात्री व्हॅनच्या उजेडात उघडून बसवता येईल असं इंजिन, हे त्यांच्यासाठी वरदान होतं. चार सिलिंडरची गिलेरा त्यांना परवडली नसती, आणि कुणी फुकट दिली असती तरी सांभाळता आली नसती. मँक्सला किक नव्हती. झेंडा पडला की धक्का मारत पळायचं, क्लच सोडायचा आणि उडी मारून बसायचं. व्हॉल्व्हचे स्प्रिंग उघड्यावर, त्यामुळे चालवून आल्यावर रायडरच्या गुडघ्यावर तेलाचे डाग ठरलेले. ते तेलही बहुतेकदा एरंडेलापासून केलेलं. त्या काळच्या रेसिंगचा म्हणून जो वास लोक अजून आठवतात, तो जळलेल्या एरंडेलाचा आहे. आपल्याकडे एरंडेल म्हटलं की लहानपणीचे वेगळेच प्रसंग आठवतात, ते असो.

१९५४ पासून ५०० सीसी इंजिनाचा बोअर ८६ मिलिमीटर आणि स्ट्रोक ८५.६ मिलिमीटर झाला. वर केलेला हिशोब आठवा: स्ट्रोक कमी म्हणजे ७,००० आरपीएमलाही पिस्टनचा वेग सेकंदाला २० मीटरच्या आसपास. थोडा श्वास उरला. फ्रान्सिस बीअर्ट, स्टीव्ह लँसफील्ड, बिल लेसी, रे पेटी असे ट्यूनर या इंजिनांवर आपापली विद्या चालवायचे. १९६० मध्ये डेरेक मिंटरने सिंगलवर टीटीचा फेरा ताशी १०० मैलांच्या वर नेला. आणि १९६१ च्या सीनियर टीटीत २१ वर्षांचा माइक हेलवूड बिल लेसींनी तयार केलेल्या मँक्सवर उतरला. पुढे असलेल्या गॅरी हॉकिंगच्या चार सिलिंडरच्या एमव्ही अगुस्ताने दगा दिला आणि हेलवूड जिंकला, पूर्ण शर्यतीची सरासरी ताशी १००.६ मैल, म्हणजे जवळजवळ १६२ किलोमीटर. नशीब होतं का? होतंच. पण त्या वर्षीचे सहा फेरे, म्हणजे साडेतीनशेहून जास्त किलोमीटर, न तुटता जाणं हेही कौशल्यच. यानंतर नॉर्टनला सीनियर टीटी जिंकायला १९९२ साल उजाडावं लागलं.

कारखान्यात मँक्स बनणं साठच्या दशकाच्या सुरुवातीला थांबलं. तरी १९६९ च्या सप्टेंबरमध्ये युगोस्लाव्हियातल्या ओपातिया इथे गॉडफ्री नॅश मँक्सवर ५०० सीसीची ग्रांप्री जिंकला. त्या वर्षी ५०० सीसीच्या ज्या शर्यतींत उतरला त्या सगळ्या जिंकलेला एमव्हीचा रायडर अगोस्टिनी तिथे आला नव्हता, हे खरं. पण चार दशकांपूर्वी आखलेलं इंजिन जागतिक मालिकेतली शर्यत जिंकतं, हेही खरंच.

एक राहिलं. पन्नाशीच्या दशकात इंग्लंडात ५०० सीसी इंजिन बसवलेल्या छोट्या रेसिंग मोटारींचं वेड होतं. स्टर्लिंग मॉससारखे पुढे नावाजलेले ड्रायव्हर त्यातूनच वर आले. त्या मोटारींना मँक्सचं इंजिन हवं असायचं, पण नॉर्टन नुसतं इंजिन विकायला तयार नसे. मग मोटारवाले अख्खी मँक्स विकत घ्यायचे, इंजिन काढून मोटारीत बसवायचे आणि उरलेली चॅसी विकून टाकायचे. ती घ्यायला बाहेर पोरं उभीच असायची. त्यांच्याकडे ट्रायम्फचं दोन सिलिंडरचं इंजिन असायचं, ताकदवान आणि सहज मिळणारं, पण ट्रायम्फची चॅसी वळणात भरवशाची नव्हती. ते इंजिन त्यांनी फेदरबेडमध्ये बसवलं. ट्रायम्फ आणि नॉर्टन, म्हणून नाव ट्रायटन. मँक्सच्या इंजिनासाठी गाडी घेणाऱ्यांनी भंगार म्हणून जे बाजूला काढलं होतं, त्याच्यासाठी ही पोरं पैसे साठवत होती.